ओपनएसएसएल अपग्रेड अडला म्हणून मागे फिरू नका

संपादक महोदय,

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या १.१.१ आवृत्तीचा मोफत सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपला तरी कितीतरी जण अजून त्याच्यावरच अडकलेत, ३.० वर जायला निघाले की त्यांच्या प्रोग्रामचा बिल्ड तुटतो आणि वैतागून परत फिरतात. असं करू नका हो, बहुतेक अडचणी सुटतात. माझं लिंकिंग (प्रोग्रामला लायब्ररी जोडणं) दोन दिवस अडलं होतं, कंपाइल नीट व्हायचं पण प्रोग्राम सुरू केला की लायब्ररी सापडायची नाही, शेवटी कळलं की ६४ बिट लिनक्सवर सोर्समधून इन्स्टॉल केलं की ३.० च्या फाइल्स लिब६४ फोल्डरमध्ये जातात आणि मी शोधत होतो लिबमध्ये! म्हणून आधी एलडीडी ही कमांड चालवून प्रोग्राम नेमकी कुठली फाइल उचलतोय ते बघा, एकाच प्रोसेसमध्ये १.१ आणि ३ दोन्ही लोड झाले तर क्रॅशचं कारण शोधता शोधता जीव जातो.

स्पीडचं वेगळंच आहे. ३.० मध्ये अल्गोरिदम प्रोव्हायडर नावाच्या मॉड्यूलकडून येतो, जुन्या पद्धतीचा कोड प्रत्येक हॅशला (डेटाचा ठसा काढताना) तो नव्याने शोधत बसतो, त्यामुळे छोट्या डेटावर फटका जास्त जाणवतो. ईव्हीपी_एमडी_फेच (हॅशचा अल्गोरिदम आणणारं फंक्शन) सुरुवातीला एकदाच करून तोच ऑब्जेक्ट पुन्हा पुन्हा वापरा, बराच फरक पडतो.

एमडी४, आरसी४ या जुन्या, कमकुवत अल्गोरिदमसाठी लेगसी प्रोव्हायडर लोड करावा लागतो, पण खरं तर ते काढूनच टाका. आणि डेप्रिकेटेडच्या (जुनं झालेलं, वापरू नका असं सांगणाऱ्या) वॉर्निंग नुसत्या बंद करणाऱ्यांना कळकळीची विनंती, त्या जागांची यादी तरी करून ठेवा, ३.० चा सपोर्टही ७ सप्टेंबर २०२६ पर्यंतच आहे.

आपला,
एक वाचक