राकसकोपच्या काठावरील बांधकामे

राकसकोप जलाशयालगत वाढणाऱ्या फार्महाऊसविषयीची आपली बातमी वाचली. जमिनीला भाव आला, याचा गावकऱ्यांना आनंद असणारच. पण बातमीत सांडपाण्याचा उल्लेखही नाही. मार्कंडेय नदीवरील हा जलाशय बेळगाव शहराला पाणी पुरवतो. हिडकल धरणाचे पाणी शहरात आले तरी राकसकोपची गरज संपलेली नाही. शिवाय त्याच्या पाणलोटाचा काही भाग महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यातील तुडये परिसरात येतो. म्हणजे इकडे कर्नाटकात एनए (शेतजमिनीच्या बिगरशेती वापराची परवानगी) रोखले तरी तिकडच्या, सांडपाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्यांचे काय? सीमाप्रश्न न्यायालयात आहे, तो तिथे राहू दे. बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी काठाजवळच्या बांधकामांची संयुक्त पाहणी करावी, तीही पावसाळ्यापूर्वी.

– एक शेतकरी, बेळगुंदी (ता. बेळगाव)