जिन्यातले तीन दिवे

सांगली, रविवार रात्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा मी गाडीवर होतो, नीट बोलता आलं नाही. डुप्लेक्सच्या जिन्यातले तीन दिवे सोळा फुटांवर, वायरींचे जोड पीओपीच्या छताच्या वर, आणि सुपरवायझर म्हणतो दिवे लागतायत ना, मग वायरिंगच्या रिपोर्टात ओके लिही. तू विचारलंस, लिहू का? लिहू नकोस. का ते सांगतो. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

2019 च्या ऑगस्टात इथं कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 ची. पूर ओसरल्यावर गावभागात, जुन्या सांगलीत, मी रोज घरांचं वायरिंग तपासत हिंडत होतो. बोर्ड उघडला की गाळ बाहेर यायचा. एका घरात वायरींच्या जोडांचा जंक्शन बॉक्स जिन्याखाली होता आणि त्याच्यापुढं भिंतीतलं लाकडी कपाट. पाण्यानं फुगून ते असं बसलं होतं की दोघांनाही हलेना. मी डीबीवरून, म्हणजे घरातली सगळी सर्किटं जिथून निघतात त्या पेटीवरून, मेगर लावला (वायरीतून वीज गळते का ते मोजणारं यंत्र), आकडा चांगला आला, ठीक आहे म्हणालो आणि पुढच्या घरी गेलो. चौथ्या दिवशी त्या घरच्या आजींनी बोळातला दिवा लावला आणि ओल्या हातानं दिव्याचा लोखंडी ब्रॅकेट धरला. फेकल्या गेल्या. वाचल्या, पण महिनाभर त्यांचा खांदा धड नव्हता.

चूक कुठं झाली बघ. मेगर लावताना मी स्विच बंद ठेवले होते. म्हणजे तपासली ती स्विचपर्यंतचीच वायर. स्विचमधून दिव्याकडं जाणारी फेज त्या बॉक्समधून जात होती. आत ओला गाळ, आणि डीबीकडून येणारी अर्थची वायर तिथंच गंजून तुटलेली. दिवा लावला की फेज गाळातून अर्थच्या तुटक्या टोकावर उतरायची आणि थेट ब्रॅकेटवर यायची. वीज गळली की सप्लाय तोडणारा आरसीसीबी घरात नव्हता. दिवा मात्र झकास लागत होता.

म्हणून आधी त्या सर्किटचा एमसीबी, डीबीतला स्विच, पाड, त्याचं न्यूट्रलही पट्टीवरून सोड. टेस्टर आधी चालू जागी लावून बघ, मगच तो बंद दाखवतो त्यावर विश्वास ठेव. एलईडीचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज देणारे डबे, वर असल्यानं काढता येणार नाहीत, तेव्हा फेज आणि न्यूट्रल एकत्र बांध आणि दोन्ही मिळून अर्थशी 500 व्होल्टला मेगर कर. फेज-न्यूट्रलमध्ये लावलास तर ड्रायव्हर जातील. सगळे स्विच चालू हवेत. जिन्यात टू-वे, म्हणजे एकाच दिव्याला वर-खाली दोन स्विच, असणारच. एकदा आकडा घे, एक स्विच पलटव, पुन्हा घे, नाहीतर दोन स्विचांमधली एक वायर तपासायची राहते. नियमात किमान 1 मेगओहम आहे, पण नव्या वायरिंगला 2 आला तर मी तरी शोधत बसेन.

मग अर्थ. डीबीवर फेज आणि अर्थ जोड, स्विच चालू ठेवून प्रत्येक पॉइंटवर दोन्हींमधले ओहम मोज. दीड एमएमच्या तांब्याला मीटरला साधारण 12-13 मिलिओहम पडतात. वीस मीटरवर जाऊन-येऊन अर्धा ओहम. लांब जाशील तसा आकडा सावकाश वाढला पाहिजे. मध्येच उडी मारली तर त्या दोन पॉइंटांच्या मधला जोड ढिला आहे, दिसत नसला तरी. अर्थ तुटली असेल तर आकडाच येणार नाही.

एवढं करूनही दिव्यापाशी प्रत्यक्ष मोजल्याशिवाय त्या टोकाची अर्थ तुला कळणार नाही. रंगाऱ्यांचा घोडा, उभं राहायचं उंच मचाण, मिळतो का बघ. अॅल्युमिनियमच्या शिडीवर चढायचं नाही, आणि एकटीनं तर मुळीच नाही. नाहीच मिळाला तर रिपोर्टात स्पष्ट लिही: जिन्यातल्या तीन दिव्यांपाशी अर्थ तपासता आली नाही, कारण जोड पीओपीच्या वर आहेत. खाली डीबीवर आलेले आकडे लिही. पीओपीला झाकण ठेवायला सांगितलं, हेही लिही. सुपरवायझर रागावेल. रागावू दे. सही तुझी आहे.

आजींच्या घरी मी नंतर स्वतः कपाट कापून बॉक्स पुढं आणला, पैसे घेतले नाहीत. त्यांनी चहा दिला. तो कप मला अजून आठवतो.

आईनं भडंग करून ठेवलंय, गुरुवारी पार्सल टाकतो. माझा जुना मेगरही त्यातच घालू का, कळव.

तुझे अण्णा