काढा घेताय का, हे डॉक्टरांनी प्रेमाने विचारावं

संपादक महोदय,
नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योत सिद्धूंनी बायकोचा कॅन्सर हळद, कडुलिंब आणि डाएटने बरा झाला असं सांगितलं तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांनी पत्रक काढून याला ठोस पुरावा नाही, त्या ऑपरेशन आणि केमोने बऱ्या झाल्या असं ठणकावलं, फार बरं केलं. पण ओपीडीत काय चालतं? आमच्या मावशीने काढ्याचं नुसतं विचारलं तर डॉक्टर खेकसले, मग काय, बाटली पिशवीच्या तळाशी आणि केमो चालू असताना गुपचूप पिणं सुरू. काही जडीबुटी केमोच्या औषधांत ढवळाढवळ करतात, लिव्हरलाही त्रास होतो, म्हणजे डॉक्टरांना कळायलाच हवं ना! टाटानेच ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंट्सवर योगाची रीतसर ट्रायल घेतलीय, म्हणजे तपासून बघायची तयारी आहे. मग केसपेपरवर "इतर काय घेता" असा एक रकाना ठेवा आणि न रागावता विचारा.
– एक वाचक, सातारा