पहिल्याच भागात सगळं सांगितलेलं असतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वेब सिरीजवर जे सदर येतं त्यात मागे एका सायकॉलॉजिकल थ्रिलरबद्दल लिहिताना म्हटलं होतं की शेवट कुणाच्या स्वप्नातही येणार नाही असा आहे, आणि एकदा तो कळला की मग परत बघण्यासारखं काही उरत नाही. पहिलं वाक्य कौतुकाचं होतं, दुसरं जाता जाता लिहिलेलं. मला दोन्ही पटली नाहीत आणि गप्पही बसवेना, म्हणून हे पत्र. (पुढे शार्प ऑब्जेक्ट्स आणि मिस्टर रोबॉट या दोन सिरीजचे शेवट उघड केलेत. पत्र छापलंत तर ही सूचना प्लीज वरती ठळक छापा, ज्यांना अजून बघायच्यात त्यांचा आनंद जायला नको.)

जो शेवट कुणालाच सुचू शकत नाही तो माझ्या मते चांगला ट्विस्ट नाहीच. शेवटच्या दहा मिनिटांत कुठून तरी जुळा भाऊ आणून उभा करायचा किंवा सगळं स्वप्न होतं म्हणायचं, हे कुणालाही जमतं. अवघड काय आहे तर उत्तर तासन्‌तास प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर ठेवायचं आणि तरी त्याला ते दिसू द्यायचं नाही, आणि दिसल्यावर त्याने कपाळावर हात मारून म्हणायचं की अरे हे तर समोरच होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो वळसा आपल्याला घालायला लावणं ही लेखक-दिग्दर्शकाची खरी मेहनत असते आणि तुमच्या सदरात नेमकी त्याबद्दलच एक ओळही नव्हती.

शार्प ऑब्जेक्ट्स घ्या. २०१८ साली एचबीओवर आली, आठच भाग, गिलियन फ्लिन यांच्या कादंबरीवरून, दिग्दर्शक ज्याँ-मार्क व्हॅले. कमिल नावाची पत्रकार आपल्या गावी परत येते कारण तिथे एका मुलीचा खून झालाय आणि दुसरी बेपत्ता आहे. पुढे दुसरीचाही मृतदेह सापडतो आणि दोघींचे दात उपटलेले असतात. घरी आई आहे आणि अ‍ॅमा नावाची धाकटी सावत्र बहीण. या अ‍ॅमाचं एक बाहुलीघर आहे, त्यांच्या मोठ्या घराची हुबेहूब प्रतिकृती, आणि ते आपल्याला अगदी सुरुवातीपासून दाखवतात, जवळून, अनेकदा. आईच्या खोलीची जमीन हस्तिदंताची आहे हेही सांगतात आणि त्या घराण्याला तिचा केवढा अभिमान आहे तेही. आता बघा, दात गेलेत, हस्तिदंती जमीन आहे आणि त्या खोलीचीसुद्धा हुबेहूब नक्कल करणारी मुलगी आहे, तिन्ही गोष्टी आपल्याला माहीत असतात पण आपण त्या एकत्र आणत नाही, कारण तोवर आपण आईकडे बघत असतो, ती मुलींना औषधाच्या नावाखाली काय पाजते त्याकडे बघत असतो. आणि आईचा गुन्हाही खराच असतो, म्हणजे आपल्याला फसवायला लेखिकेने खोटं काही सांगितलेलं नाही, एका खऱ्या गोष्टीच्या आड दुसरी खरी गोष्ट ठेवली. शेवटच्या भागात कमिलला बाहुलीघराच्या आत दात सापडतो, आईच्या खोलीची ती छोटीशी जमीन कशाची केलीय ते कळतं, आणि दारात उभी असलेली अ‍ॅमा म्हणते की आईला सांगू नकोस. संपलं.

दुसऱ्यांदा बघताना अंगावर काटा येतो तो इथे नाही, आधी येतो. एक लहान मुलगा पोलिसांना सांगतो की मी एका पांढऱ्या कपड्यातल्या बाईला मुलीला घेऊन जाताना पाहिलं, आणि मोठी माणसं त्याचं ऐकत नाहीत कारण गावात तशी एक जुनी भुताची गोष्ट आहे आणि शिवाय दात उपटायला ताकद लागते, म्हणजे पुरुषच असणार असं त्यांनी ठरवून टाकलेलं असतं. पहिल्यांदा बघताना आपणही पोलिसांसारखंच त्या मुलाचं म्हणणं सोडून देतो. दुसऱ्यांदा तोच सीन बघवत नाही, कारण एकमेव साक्षीदार खरं बोलत होता.

कमिलने स्वतःच्या अंगावर शब्द कोरून घेतलेले आहेत आणि तसे शब्द दिग्दर्शकाने मागे कुठे टेबलावर, कुठे गाडीवर, कुठे पाटीवर क्षणभर ठेवलेत, पुढच्या क्षणी तिथे काहीच नसतं. प्रत्येक भागाचं नावही असाच एकेक शब्द. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर दुसरं काम करत बघितलं तर यातलं काही हाती लागत नाही, पण लक्ष देऊन बघणाऱ्यालाही बरंचसं निसटतं आणि निसटावं अशीच रचना असते.

हे निसटतं कसं याचं उत्तर मानसशास्त्राने दिलंय. १९९९ साली सायमन्स आणि चॅब्रिस या दोन संशोधकांनी लोकांना एक व्हिडिओ दाखवला, काहीजण चेंडू एकमेकांकडे टाकतायत, तुम्ही पास मोजा. मधेच गोरिलाचा पोशाख घातलेलं कुणीतरी सरळ त्यांच्यामधून चालत जातं आणि जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. थ्रिलर लिहिणारा नेमकं हेच करतो, आपल्याला पास मोजायला बसवतो. खुनी कोण हे मोजत बसलेल्या माणसाला बाहुलीघर दिसत नाही.

मिस्टर रोबॉट (२०१५ ते २०१९, सॅम इस्मेल यांची) तर याहून धीट. पहिल्या भागाच्या पहिल्या मिनिटात नायक एलियट, एक हॅकर, प्रेक्षकाला हॅलो फ्रेंड म्हणतो आणि लगेच सांगतो की तू फक्त माझ्या डोक्यात आहेस, हे आपण लक्षात ठेवायला हवं. चार सिझननंतर शेवटी उलगडा होतो की ज्याला आपण इतकी वर्षं एलियट समजत होतो तोसुद्धा खऱ्या एलियटच्या मनाने तयार केलेलं एक व्यक्तिमत्त्वच आहे, आणि आपण बघणारेही त्याच डोक्यातले. पहिल्याच मिनिटात सांगितलं होतं! आणि एवढ्यावर थांबले नाहीत, एलियट एका कंपनीला मनातल्या मनात ईव्हिल कॉर्प म्हणतो आणि त्यानंतर सिरीजमधला प्रत्येकजण, अगदी टीव्हीवरचे बातमीदारसुद्धा, तिला ईव्हिल कॉर्पच म्हणायला लागतात. म्हणजे आपण जग बघत नाही आहोत, त्याच्या कानांनी ऐकतोय हे उघड सांगितलंय आणि दोन-तीन सीननंतर आपल्याला त्याची सवय होऊन जाते.

त्याच सिरीजच्या दुसऱ्या सिझनमध्ये एलियट आईच्या घरी राहायला जातो असं दाखवतात. ठरलेलं टाइमटेबल, ठरलेल्या वेळी एकाच मित्रासोबत जेवण, उघडीबोडकी खोली, भेटायला येणारा माणूस टेबलाच्या पलीकडे बसतो. सातव्या भागात कळतं की तो तुरुंगात आहे. आता हे कितीतरी प्रेक्षकांनी आधीच ओळखलं होतं, आणि त्यावरून काहीजणांनी ट्विस्ट फसला असं लिहिलं. मला हे अजिबात मान्य नाही. ओळखता आलं याचा अर्थ खुणा खऱ्या होत्या. ज्याने ओळखलं त्याला पुढचे सीन आणखी हलवून टाकतात, कारण हा माणूस स्वतःशीच किती खोटं बोलतोय ते त्याला दिसत असतं, आणि ज्याने नाही ओळखलं त्याला धक्का बसतो. दोघांनाही काहीतरी मिळतं.

ही चर्चा जुनीच आहे म्हणा. अगाथा ख्रिस्तींनी १९२६ साली एका कादंबरीत निवेदकालाच खुनी केलं तेव्हा फसवणूक म्हणून ओरड झाली होती, पण ते पुस्तक उघडून बघा, निवेदक खोटं बोलत नाही, फक्त मधली काही मिनिटं गाळतो आणि ती गाळलीयत हे नीट वाचलं तर दिसतं. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम लिहिले त्यातही हे होतंच की गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही. माध्यम बदललं तरी हिशेब तोच.

आता ओटीटीवाल्यांबद्दलही लिहितेच. शार्प ऑब्जेक्ट्समध्ये खून नेमके कसे झाले ते शेवटच्या श्रेयनामावलीच्या मधे तुटक फ्रेम्समध्ये दाखवलंय, अ‍ॅमा एकटी नव्हती, मैत्रिणींनी साथ दिली होती, म्हणजे ताकदीच्या त्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. आणि नावं सुरू झाली रे झाली की आपले प्लॅटफॉर्म चित्र कोपऱ्यात ढकलतात आणि पुढचं काहीतरी लावायला आकडे उलटे मोजतात. कितीजणांनी हा शेवट अर्धाच पाहिला असेल. ऑटोप्ले बऱ्याच ठिकाणी सेटिंगमधून बंद करता येतो, हे परीक्षणात एका ओळीत सांगितलंत तरी लोकांचं भलं होईल.

आपल्याकडून अपेक्षा म्हणाल तर, परीक्षणाच्या मथळ्यात धक्कादायक शेवट, जबरदस्त ट्विस्ट असलं काही छापू नका, कारण ते वाचून बसलेला माणूस पहिल्या सीनपासून सगळ्यांवर संशय घेत बसतो आणि कथेत शिरतच नाही. त्याऐवजी शेवट न सांगता एवढं सांगा की खुणा नीट पेरल्यात की नाही, प्रेक्षकाशी खेळ सरळ खेळलाय की नाही. आणि महिन्याभराने, बहुतेकांचं बघून झाल्यावर, वरती मोठी सूचना देऊन त्याच सिरीजवर दुसरा लेख छापा, ज्यात सगळं उघड करून लिहिता येईल, कुठली फ्रेम, कुठलं वाक्य, कुठला रंग. असा लेख मराठीत फारसा कुणी लिहीत नाही आणि वाचणारे भरपूर आहेत.

सदर लिहिणाऱ्यांना एवढा निरोप द्या की ज्या सिरीजबद्दल त्यांनी लिहिलं तिचा पहिला भाग, शेवट माहीत असताना, परत एकदा लावून बघावा आणि मग दुसरा लेख त्याच सिरीजवर लिहावा. मी वाट बघतेय.

आपली,
एक नियमित वाचक