ब्रेक डावीकडे आहे

रत्नागिरी,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तात्याच्या पत्त्यावर टाकतोय. भाऊबिजेला तू नागपूरला पोचशील, त्याच्या आधीच ते तिथे येऊन पडलेलं असेल. पाकीट चारी बाजूंनी डिंक लावून बंद केलंय. फोडलेलं दिसलं तर समज की काकूने नव्हे, तात्याने फोडलंय, आणि मग पुढच्या मजकुरावरून तुमचं जे बोलणं व्हायचं ते होऊ दे. फोनवर मला हे जमलं नसतं. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि माझं वाक्य अर्ध्यावर राहतं.

बुलेट आणायला तू निघालीस याला माझी ना नाही. तात्याचे दोन्ही गुडघे बदलले, त्याला आता किक मारता येणार नाही, आणि ती भंगारात घालणं त्याच्या जिवावर येतं. ट्रान्सपोर्टने पाठवू, असं मीच म्हटलं होतं, त्यावर तू म्हणालीस, "मग त्यात मजा काय?" आईने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी लाडू कुठल्या डब्यात फुटणार नाहीत ते विचारू लागली. म्हणजे परवानगी मिळाली असं धर.

मला सांगायचंय ते वेगळंच. पुण्यात तू सहा वर्षं गाडी चालवतेस, हेच मला भीतीचं वाटतं. नवशिकी असतीस तर इतकी काळजी नसती वाटली. नवशिक्याच्या पायाला काहीच ठाऊक नसतं. तुझ्या पायाला सगळं ठाऊक आहे, आणि ते सगळं या गाडीवर उलटं आहे.

तात्याची गाडी जुन्या घडणीची. गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या पायाला. इंग्रजी गाड्यांची ती रीत. अमेरिकेने 1970च्या दशकातच गिअर डावीकडे हवा असा नियम केला, पण मद्रासची बुलेट पुढे कितीतरी वर्षं उजवीकडचाच गिअर घेऊन फिरली. त्यातही पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. म्हणजे घाबरून तुझा उजवा पाय सवयीने खाली दाबला गेला तर ब्रेक लागणार नाही, वरचा गिअर पडेल.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

1987च्या मार्चमध्ये तात्याची बदली नागपूरला झाली आणि गाडी कोल्हापुरात माझ्याकडे राहिली. मी तेव्हा येझदी चालवायचो. येझदीत किक आणि गिअर एकाच दांडीला, तीही डावीकडे. ब्रेक उजवीकडे, तुझ्या गाडीसारखाच. चार दिवसांची रजा टाकली आणि बुलेट घेऊन निघालो. हेल्मेट नव्हतं, डोक्याला मफलर. मिरज, सांगोला करत मंगळवेढ्याच्या पुढे आलो तोवर मला वाटायला लागलं होतं की गाडी हातात बसली. बघ, इथेच फसायला होतं. पहिले पन्नास किलोमीटर माणूस प्रत्येक वेळी पायाला विचारून ब्रेक लावतो. दीडशे झाले की विचारणं सोडतो, आणि पाय मात्र अजून जुन्याच गाडीवर असतो.

ज्वारीची काढणी उरकली होती, रस्त्यावर कडब्याच्या बैलगाड्या. बांधावरून एक गाडी अचानक डांबरी रस्त्यावर चढली. मी पन्नासच्या आसपास असेन. क्लच दाबला आणि सगळं वजन उजव्या पायावर टाकलं. गाडी तिसऱ्यातून चौथ्यात गेली आणि इंजिनाचा जो काही अटकाव होता तोही गेला. सायकल उतारावर सोडावी तशी ती निघाली. पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो असं आम्हाला शिकवलेलं, त्यामुळे हात तिकडे वळलाच नाही.

कडब्यात घुसलो. अगदी खरोखर, छातीपर्यंत. कडब्याची पात कागदासारखी कापते हे त्या दिवशी कळलं. दोन्ही गालांवर रेघा उठल्या. हेडलाइटची काच तडकली, मडगार्ड वाकलं. बैलांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

गाडीवान म्हातारा होता. खाली उतरला, आधी कडबा पाहिला, मग मला. मी तावातावाने म्हटलं, "ब्रेकच लागला नाही हो!" तो म्हणाला, "दाब बगू." मी ऐटीत उजवा पाय दाबला. तो खाली वाकून चाकाकडे बघत राहिला. "आरं, हितं काय हाललं न्हाई की." मग गाडीच्या पलीकडे गेला, डावा पेडल हाताने दाबला, आणि चाकाकडे जाणारी सळई मागेपुढे होताना मला दाखवली. "ह्यो हाय की तुझा बिरेक. तू कुटं पाय टाकतुयास?"

त्या माणसाने आयुष्यात मोटारसायकल हातात धरली नसणार. पण सळई कुठून कुठे गेलीय ते त्याने एका नजरेत पाहिलं. मी सकाळपासून तिच्यावर बसून होतो, मला दिसलं नव्हतं.

मग त्याने कडब्याच्या पेंढीची सुतळी तोडली आणि माझ्या डाव्या घोट्याला पॅंटवरून दोन वेढे देऊन गाठ मारली. "हिकडं बिरेक," एवढंच म्हणाला. पैसे घेतले नाहीत, उलट तांब्याभर पाणी दिलं. त्या सुतळीवर मी नागपूरपर्यंत गेलो. काही अडलं की घोट्याला ती टोचायची. बुटीबोरीला थांबून ती सोडली, तात्याला दिसू नये म्हणून.

आणि तात्याला काय सांगितलं? ब्रेक लागला नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी दोन्ही ब्रेकशू बदलून घेतले, आणि कोल्हापूरच्या ज्या मिस्त्रीने निघायच्या आधी गाडी तपासून दिली होती त्याला दोन पानी खरमरीत पत्र लिहिलं. त्या मिस्त्रीकडे मला पुन्हा जाववलं नाही. रस्त्यात भेटला तरी मी पलीकडच्या बाजूला व्हायचो. तो बिचारा समजत असेल की मी रागावलोय. आज 38 वर्षं झाली, घरात कुणालाच मी हे सांगितलेलं नाही. तुझ्या आईलासुद्धा कडब्याची गोष्ट ठाऊक आहे, पायाची नाही.

तेव्हा आता ऐक. नागपुरात पहिला अर्धा दिवस मोकळ्या मैदानात घाल. चाळीसपर्यंत जा, थांब. पुन्हा जा, थांब. तोंडाने मोठ्याने "डावा" म्हण, लोक हसले तर हसू देत. दोन बोटं पुढच्या ब्रेकवर कायम असू देत, कारण तो मात्र तुझ्या गाडीसारखाच उजव्या हाताला आहे. पायाचा घोळ झाला तरी हात शहाणा राहील. गिअरच्या शेजारी टाचेने दाबायची छोटी दांडी आहे, तिने दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्यातून थेट न्यूट्रल मिळतो. सिग्नलला ती तुला फार आवडेल.

किकही शिकायला लागेल. नुसती ताकद लावलीस तर उलटी किक बसते आणि घोटा जातो. ॲमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणारा, काटा बघत किक हळू दाब. काटा मधोमध आला की थांब. मग डीकम्प्रेसरची, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी, दांडी ओढून किक अगदी थोडी पुढे ढकल, दांडी सोड, किक वर येऊ दे, आणि मग एकच, पण पूर्ण मार. तात्या शेजारी खुर्ची टाकून बसेल आणि प्रत्येक वेळी "अगं तसं नव्हे" म्हणेल. बसू दे. आता त्याला तेवढंच उरलंय.

गाडी तीन वर्षं उभी आहे. पेट्रोलची नळी नवी घाल, हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही. इंजिनचं ऑइल, पॉइंट, प्लग, दोन्ही टायर-ट्यूब याबाबत तात्याचं ऐकू नकोस, तो "अजून चालेल" म्हणणारा माणूस आहे. क्लचची नवी वायर आत्ताच जुनीच्या बाजूने ओढून बांधून ठेव; तुटली की नुसती दोन टोकं जोडायची राहतात. गाडीखाली तेलाचा छोटा डाग दिसला तर घाबरू नकोस. दिसायचा बंद झाला तर मात्र घाबर आणि तेल बघ. रोज संध्याकाळी सगळे नट हाताने चाचपायचे, ती धडधडून ते सैल करतेच. आणि कागद: पंधरा वर्षांवरची गाडी आहे, आरसी नूतनीकरणाची तारीख, विमा आणि पीयूसी स्वतःच्या डोळ्यांनी वाच.

समृद्धी महामार्गाचा विचार मनात आणू नकोस, तिथे दुचाकीला बंदी आहे. तुझा रस्ता वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर आणि मग कोल्हापूरमार्गे घर. साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास होतील. तू तीन दिवस म्हणतेस, मी पाच म्हणतो. पहिल्या दिवशी यवतमाळच्या पुढे जाऊ नकोस, दीडशेसुद्धा होत नाहीत, पण त्या दिवशी तुझं लक्ष रस्त्यापेक्षा पायाकडे असणार. साठच्या वर ती गाडी नेण्यात अर्थ नाही. साठला तिचा ठोका असा काही लागतो की आपोआप गुणगुणायला होतं. सत्तरला आरशात काही दिसत नाही, सगळं थरथरतं. उमरखेडच्या पुढे पैनगंगा ओलांडलीस की मराठवाडा लागला. अर्धापूरला केळी घे.

अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोच. या गाडीचा दिवा म्हणजे समईच, आणि दिवा लावून ती मंद झाली की ॲमीटरचा काटा उणेकडे झुकतो. सांगोला-मंगळवेढ्याला कार्तिकीला निघालेल्या दिंड्या रस्त्याच्या कडेने असतील, पहाटेपासून. मिरजेच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या सुरू झालेल्या असतील. दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला, मागे दिव्याचं नाव नाही.

चहाला थांबशील तिथे लोक "एकटीच?" असं विचारतील. 1987ला मला कुणी "एकटाच?" विचारलं नाही, सगळे "केवढ्याला पडली?" विचारायचे. त्यांना काय उत्तर द्यायचं ते तुझं तू ठरव, त्यातलं मला कळत नाही. फक्त मुक्कामाला पोचल्याचा एक मेसेज आईला टाक. मला नको, मी तिच्याच फोनवर बघेन.

शेवटचा आंबा घाट. मलकापूरला चहा घे आणि ब्रेकचे ड्रम थंड होऊ देत. घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर ये, इंजिनलाच गाडी धरू दे. आमच्या वेळी पेट्रोल वाचवायला लोक इंजिन बंद करून घाट उतरायचे, त्यातले काही दरीत उतरले. साखरप्याला आलीस की हवा बदलते, दमट होते, तिथून घरच.

एक राहिलं. घरी आल्यावर आठवडाभराने तू पुण्याला जाशील आणि तुझ्या स्वतःच्या गाडीवर बसशील. तो पहिला दिवससुद्धा परक्या गाडीचाच धर. नागपूरहून रेल्वेने परत आल्यावर मी माझ्या येझदीवर डाव्या पायाने ब्रेक मारायला गेलो होतो, आमच्या गल्लीच्या तोंडावर, भाजीवालीच्या पाटीपाशी. पाटी वाचली.

मिस्त्रीचं दुकान आता तिथे नाही. कोल्हापूरला मुक्काम करशील तेव्हा शोधायला जाऊ नकोस, मी दोनदा जाऊन आलोय. तात्याला सांगायचं असेल तर सांग. ब्रेकशू चांगले होते म्हणावं, आणि ते 87 सालचे पैसे मी देणं लागतो.

पाकिटाच्या तळाशी सुतळीचा एक तुकडा आहे, कचरा समजून टाकू नकोस. दोन वेढे बसतील एवढा आहे, डाव्या घोट्याला. मी हातखंब्याला फाट्यावर उभा असेन. लाज वाटली तर पालीच्या अलीकडे सोड, मी विचारणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. लाडवांचा डबा टाकीवरच्या पिशवीत ठेवू नकोस, पेट्रोलचा वास लागतो. आई हे वाक्य लिहीपर्यंत शेजारी उभी होती.