संस्कृतच्या बाईंना, फ्रेंच प्रबंधाबद्दल

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेले असते, तर "पुरे झालं, पोहे गार होतायत" म्हणून तुम्ही विषयच बदलला असता. म्हणून हे उघड पत्र. प्रबंध पास झाला, ऑनर्स मिळाला, हे फोनवर कळलंच आहे. पण त्यात तुमचा वाटा नेमका कुठे होता ते ऋणनिर्देशाच्या दोन ओळींत मावलं नाही, आणि त्या दोन ओळीही फ्रेंचमध्ये. तुम्ही त्या कुणाकडून वाचून घेणार?

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी नाशिकची, पदवीसाठी अमेरिकेत गेलेली. तिथे लॅटिनच्या पोटी जन्मलेल्या भाषांचा पुष्कळ ठिकाणी एकच विभाग असतो. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज, कुठे कुठे रुमानियनही. त्याला रोमान्स भाषा विभाग म्हणतात. (या नावावरून आमच्या सोसायटीत जे विनोद झाले ते इथे नकोत.) शेवटच्या वर्षी ज्याला हवं त्याने एक विषय धरून वर्षभर प्रबंध लिहायचा. आधी प्रस्ताव, मग मार्गदर्शक, एक दुसरा वाचक, आणि शेवटी त्या दोघांसमोर बसून उत्तरं द्यायची. सक्ती काही नसते, पदवी त्याच्याशिवायही मिळते. त्यामुळे "मग करायचा कशाला?" हा आईचा प्रश्न रास्तच होता.

मलाही तेव्हा उत्तर येत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा प्रस्तावाची तारीख जवळ आली होती आणि विषयाच्या नावाने शंख होता. तुमच्याकडे सहज आले आणि बोलता बोलता म्हणाले की लॅटिनमध्ये संस्कृतसारखी तीन लिंगं होती, फ्रेंचमध्ये दोनच उरली, नपुंसकलिंग नाहीसं झालं. तुम्ही चष्मा काढलात. "नाहीसं म्हणजे काय गं? लिंग गेलं असेल, शब्द तर राहिले ना? मग ते कुणाच्या घरी नांदायला गेले ते सांग."

माझा प्रस्ताव हाच. तुमचं वाक्य मी फक्त पुस्तकी फ्रेंचमध्ये लिहिलं.

त्या उन्हाळ्यात दुपारच्या दुपार तुम्ही माझ्याकडून लॅटिन काढून घेतलंत आणि त्याच्या शेजारी प्राकृत मांडत गेलात. लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर, तीन रकाने आखून. त्या पत्रिका माझ्याकडे आहेत. एकीच्या मागे 'विनुम' आहे. लॅटिनमध्ये विनुम म्हणजे वाइन, नपुंसकलिंगी. पहिल्या शतकात पेट्रोनियस या रोमन लेखकाने एका श्रीमंत पण गावंढळ माणसाच्या घरची मेजवानी रंगवली आहे. तिथला एक पाहुणा दारू डोक्यात गेल्याचं सांगताना 'विनुम' न म्हणता 'विनुस' म्हणतो, म्हणजे सरळ पुल्लिंग करून टाकतो. तुम्ही म्हणालात, "प्यायलेला आहे, त्याचं काय धरतेस?" पण त्याच पंगतीत इतरांच्या तोंडी आकाश आणि नशीब हे शब्दही असेच पुल्लिंगी झालेले आहेत. हे सगळे पूर्वीचे गुलाम, पुढे सुटलेले, बाजारात वाढलेले. पेट्रोनियस त्यांना हसत होता. पण पुढे भाषा गेली ती त्यांच्याच वाटेने. आज फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, तिन्हींत वाइन पुल्लिंगी आहे. आपल्या द्राक्षांच्या नाशकात ती स्त्रीलिंगी कशी झाली, यावर तुम्ही "दारूची बहीण म्हणून" एवढंच म्हणालात. ते मी प्रबंधात घातलं नाही.

कारण तसं सोपं आहे. बोलताना शेवटचा 'म्' गळायला लागला. पुल्लिंगी शब्दाचं कर्माचं रूप आणि नपुंसकलिंगी शब्द कानाला आधीपासूनच सारखे होते. एकवचनातले नपुंसक शब्द असे पुरुषांत मिसळले. अनेकवचनाची गोष्ट निराळी. त्याच्या शेवटी 'आ' यायचा, आणि 'आ' तर स्त्रीलिंगी एकवचनाचाही. 'फोलिउम' म्हणजे पान, 'फोलिआ' म्हणजे पानं. पानं काही कुणी एकेक मोजत नाही, झाडाचा पाला म्हणून एकच बोलतो. ती 'फोलिआ' हळूहळू एकटी बाई झाली. फ्रेंच 'फय', इटालियन 'फोल्या', स्पॅनिश 'ओहा', तिन्ही तिच्याच लेकी, तिन्ही स्त्रीलिंगी, तिन्ही एकवचनी. इटालियनमध्ये तर दोन्ही वाटा एकाच शब्दात दिसतात. एक अंडं पुल्लिंगी, जास्त झाली की स्त्रीलिंगी. "म्हणजे डझनभर आणली की बायका?" म्हणून तुम्ही हसलात, आणि लगेच विचारलंत, "असं एखाददुसऱ्या शब्दाचंच होतं, की कुठे सगळ्या वर्गाचं?" त्या प्रश्नाने मी रुमानियनपर्यंत पोचले. तिथे एकवचनात पुल्लिंगासारखे आणि अनेकवचनात स्त्रीलिंगासारखे चालणारे शब्द ढिगाने आहेत, खुर्चीपासून वाइनपर्यंत. त्याचं एक पूर्ण प्रकरण झालं.

पण बाई, मला खरं लिहायचंय ते पांडवलेण्यांच्या सकाळीबद्दल.

गुडघ्याला पट्टा बांधून तुम्ही त्या पायऱ्या चढलात. मी नको म्हणत होते. शाळेच्या सहलीत ज्या लेण्यांत आम्ही डबे खाल्ले होते, तिथे तुम्ही दहाव्या लेण्यापाशी मला उभं केलंत आणि पर्समधून कागद काढलात. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात, त्याचा तो शिलालेख. अर्धा संस्कृत, अर्धा प्राकृत. ब्राह्मी मला वाचता येत नव्हती, पण तुम्ही नागरीत उतरवून आणलेल्या ओळीवर बोट ठेवून वाचलंत: "इदं लेणं कारितं." हे लेणं करवलं. मग भिंतीकडे हात करून म्हणालात, "इदं. नपुंसकलिंग. तिकडे रोमन पाहुणे विनुस-विनुस करत होते, त्याच सुमाराला इकडे हे कोरलं. आणि आपण आजही काय म्हणतो? ते लेणं. दगडाएवढंच टिकलंय."

मी ते टिपून घेत होते. तेवढ्यात एक कुटुंब आत आलं. वडील मुलाला सांगत होते, "ही लेणी फार जुनी आहे बरं का." तुम्ही माझा दंड असा काही धरलात की बोटं उमटली. "ऐकलंस? आहेत नाही म्हणाला. आहे म्हणाला!"

मी अख्खा उन्हाळा लॅटिनमध्ये जे शोधत होते ते आमच्यासमोर चपला हातात घेऊन उभं होतं. एक लेणं, अनेक लेणी. पण 'ही लेणी' म्हटलं की 'ही' नपुंसक अनेकवचनाचीही आणि स्त्रीलिंगी एकवचनाचीही. त्यात सगळा डोंगर मिळून एकच जागा म्हणून माणूस बघतो. कानाला फरक नाही, मनात समूह. 'फोलिआ' अशीच घसरली होती. फरक एवढाच, की मराठीत हे घडताना बघायला मिळतं आणि नपुंसकलिंग मात्र शाबूत आहे.

मी उड्या मारायला लागले, तेव्हा खाली उतरताना तुम्ही थंडपणे म्हणालात, "एका बापाच्या वाक्यावर प्रकरण लिहिणार का? गोळा कर. आणि 'आहेत' म्हणणारेही गोळा कर, नाहीतर तो पुरावा नाही, हौस आहे." परत गेल्यावर मी छापील मजकुरातली, बातम्यांतली, ओळखीपाळखीच्यांच्या तोंडची वाक्यं दोन्ही बाजूंची जमवली. 'आहेत'वाले अजून भरपूर आहेत. तसंच लिहिलं.

त्यानंतरचे महिने फोनवर गेले. तुमच्या रात्रीच्या बातम्या संपल्या की माझ्याकडे सकाळ संपायची असायची. माझ्यापुढे ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचा मूळ फ्रेंच ग्रंथ, मराठीच्या जडणघडणीवरचा, 1920 साली पॅरिसला छापलेला. तुमच्या मांडीवर वा. गो. परांजप्यांनी केलेला त्याचा अनुवाद, 'मराठी भाषेचा विकास', 1941 ची ती सुटी पानं झालेली प्रत. मी परिच्छेद वाचायचा, तुम्ही तो तुमच्याकडे शोधायचा आणि मग भांडायचं. फ्रेंच मला येत होतं, विषय तुम्हाला. मराठीवरचा एवढा मोठा अभ्यास फ्रेंचमध्ये झाला आहे, हे माझ्या वर्गातल्या कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तुम्ही ती प्रत काढेपर्यंत मलाही नव्हतं.

विभागात मराठीला जागा सहज मिळाली नाही. दुसऱ्या वाचकांचं म्हणणं, रोमान्स भाषांच्या प्रबंधात हे कशाला? मी चिडून तुम्हाला फोन केला. वाटलं होतं तुम्ही माझी बाजू घ्याल. तुम्ही त्यांची घेतलीत. "बरोबर विचारतायत. मराठी पुराव्याला आणायची, मिरवायला नाही. जिथे तिच्यावाचून तुझं अडतं, तेवढीच ठेव." मी मराठीची पानं निम्म्याहून कमी केली, शेवटच्या प्रकरणात नेली, आणि तोंडी परीक्षेत त्याच वाचकांनी सगळ्यात जास्त वेळ लेण्यांवर काढला. मी चपला हातात धरलेल्या त्या गृहस्थांचं वाक्य मराठीत म्हणून दाखवलं, फळ्यावर दोन रकाने आखले. ते आखताना माझा हात तुमच्यासारखा तिरका चालत होता.

प्रबंध फार थोर झाला आहे असं नाही. रुमानियनचं प्रकरण अजून घट्ट व्हायला हवं होतं, आणि उपसंहार घाईचा आहे हे तुम्ही न वाचताही ओळखाल. पण त्यात जो प्रश्न आहे तो खरा प्रश्न आहे, आणि तो तुमचा आहे. निवृत्तीनंतर तुम्हाला कुणी प्राकृत विचारायला येत नाही, असं तुम्ही एकदा सहज बोलून गेला होतात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे: नाशकात कुणाला विचारायचं असेल तर बाई आहेत, फक्त तयारीने जा.

बांधलेली प्रत कुरिअरने पाठवली आहे, सोबत मराठी सारांश. तुम्ही मागच्या फोनवर जे विचारलंत, की हिंदीने नपुंसकलिंग सोडलं आणि गुजरातीने मराठीसारखं धरून ठेवलं, ते का, त्याचं उत्तर सारांशात नाही. दिवाळीत येते आहे. तोवर गुजरातीचं काय मिळतं ते मी बघते, अपभ्रंशाचं, म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषांमधल्या टप्प्याचं, तुम्ही बघा.

तुमची विद्यार्थिनी