५०० मिलीचे पैसे घेऊन ५०० ग्रॅम मध

प्रति,
ग्राहक तक्रार विभागप्रमुख

विषय: मधाच्या ४ बाटल्यांत कमी भरलेला माल

आज तुमच्या माणसाने तिसऱ्यांदा फोन ठेवला, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या ॲपवरून ५०० मिलीच्या ४ बाटल्या मागवल्या. पावतीवर ५०० मिलीच आहे. बाटल्यांवर मात्र ‘निव्वळ वजन ५०० ग्रॅम’. मधाची घनता साधारण १.४२, म्हणजे १ मिली मध १.४२ ग्रॅम भरतो, हे मध विकणाऱ्यांना मी सांगायचं? ५०० मिली मध ७१० ग्रॅम भरायला हवा. ५०० ग्रॅम म्हणजे जेमतेम ३५० मिली. घरच्या मापाने मोजला, तेवढाच निघाला.

हे फोनवर सांगितलं, तर उत्तर आलं, “मॅडम, मिली आणि ग्रॅम एकच असतं.” म्हटलं, ते पाण्याचं. “सगळ्या लिक्विडचं तसंच असतं.” म्हटलं, माझ्यासमोर काटा आहे, तुम्हीही एक बाटली मोजून बघा. त्यावर दोन मिनिटं गाणं ऐकवलं. मग विचारलं, “कुठून बोलताय?” नाशिकहून. “मग बरोबर. तिकडे थंडीत मध आकसतो.” अहो, थंडीने मध दाटतो, त्याची साखर होते. बाटलीमागे २१० ग्रॅम वजन कसं नाहीसं होईल? वर म्हणे, “घरगुती मापं चुकतात.” याच मापांवर मी इतकी वर्षं मोरावळे करून विकते आहे. ५०० मिली खरंच ५०० ग्रॅम भरत असेल, तर बाटलीत मध नाही, पाणी आहे. आपण स्वतः काय बोललो ते तुमच्या त्या माणसाला कळलं तरी का?

मला पुरते २ लिटर हवे होते. रविवार कारंजावरून आणलेले आवळे वाफवून बरण्यांत भरून ठेवले होते. मध आवळ्यांच्या वर चढावा लागतो, नाहीतर वरचे बुरसतात. शेवटच्या बरणीला मध पुरला नाही. ते आवळे फेकावे लागले आणि ऑर्डर अर्धवट गेली, तीही जुन्या गिऱ्हाइकाची.

पुन्हा सांगते, पैसे ५०० मिलीचे घेतलेत. ४ बाटल्यांत मिळून ८४० ग्रॅम मध कमी आहे. तो पाठवा किंवा तेवढे पैसे परत करा, आणि ॲपवरचं ‘मिली’ काढा. आठ दिवसांत झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन कार्यालयात तक्रार करीन. पावती, बाटल्यांचे आणि काट्याचे फोटो सोबत जोडले आहेत.

माझ्या सासूबाई तुमच्याशिवाय दुसरा मध घरात आणू देत नसत. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

एक ग्राहक,
पंचवटी, नाशिक